बंद घर

"वहिनी, घरातली हवा गळतेय! निरोप पुढे पाठवा!"

शेजारच्या गणपुल्यांचा आवाज मृणालच्या यंत्रातून आला. मंगळावरच्या वसाहतीत निरोप घराघरांतून पुढे जात. आज वादळात गणपुल्यांच्या घरून मृणालकडे येणारी तेवढी तार शाबूत होती. शेजाऱ्याने 'बंद' ठरवलेल्या घराचे निरोप मात्र हे जाळं सरळ वगळी.

मागच्या वादळात, पाण्याच्या भांडणावरून, गणपुल्यांनी तिचं घर बंद ठरवलं होतं. डॉक्टरांना घातलेली तिची हाक घरातच राहिली आणि नवरा गेला. वर गणपुले भेटायला येऊन म्हणाले, "जाळं कुणासाठी थांबत नाही, वहिनी."

निरोप पुढे धाडण्याआधी यंत्राने नेहमीप्रमाणे विचारलं, "शेजारचं घर चालू की बंद?"

"जाळं कुणासाठी थांबत नाही, भाऊजी," मृणाल म्हणाली. मग शांतपणे यंत्राला सांगितलं, "बंद."

पुढच्याच क्षणी कुणाच्या तरी मुंजीचं आमंत्रण तिच्या घरातून बिनबोभाट पुढे गेलं.