वर्ष वाईट गेलेली बाई

बाल्तझार पेला खिडकीच्या उजेडात धरून उभा होता आणि त्याला काहीच कळत नव्हतं.

वाइन काळीकुट्ट होती. जिभेला खरखरीत लागत होती, म्हणजे बाटलीत पन्नास वर्षं सहज काढेल अशी. थुंकून टाकली तरी चव जात नव्हती. पोर्तुगालच्या गाया शहरातल्या पोर्ट वाइनच्या प्रत्येक कोठारात एवढंच शिकवतात: रंग बघा, खरखर बघा, आणि थुंकल्यावर थांबा. साधी पोर्ट निघून जाते. असामान्य वर्षाची पोर्ट निरोप घेऊनही दारात बोलत उभी राहते. फक्त अशीच वर्षं जाहीर करायची आणि बाटलीवर छापायची असतात.

"मग टाकूया ना वर्ष जाहीर करून?" फ्रादिक म्हणाला. हा चुलतभाऊ. विक्री बघायचा. जेवणाच्या सुट्टीपर्यंत व्यापाऱ्यांना हो की नाही ते कळवायचं होतं आणि त्याला भूक लागली होती.

"मला फार चांगली लागतेय," बाल्तझार म्हणाला. "तीच तर भानगड आहे."

द्राक्षं तोडत होते त्याच आठवड्यात त्याला नात झाली होती. बेनेदिता. वर्ष जाहीर झालं तर तिच्या नावाच्या बाटल्या तळघरात आडव्या पडणार, आणि ती मोठी झाली की उघडणार. नाही झालं तर तिचं बाल्तझारसारखं होणार. तो जन्मला त्या वर्षी सप्टेंबरभर पाऊस पडला होता. सगळं आयुष्य तो वाढदिवसाला थोरल्या बहिणीच्या वर्षाची वाइन पीत आला होता आणि ती दर वेळी म्हणत आली होती, "सावकाश पी. माझी आहे."

"आजोबांचं आठवतं ना?" बाल्तझार म्हणाला. "बाबांच्या लग्नाच्या आनंदात त्यांनी जे वर्ष जाहीर केलं, ते लोक अजून व्हिनेगर म्हणून सॅलडवर ओततात. दुसऱ्यांदा तसं झालं तर आपल्याकडून वाइन कोण घेईल?"

आनंद काढून टाकून चाखायचा प्रयत्न झाला होता. काल त्याने मुद्दाम दोन नंबर लहान बूट घालून चाखली. पाय सुजले, वाइन उत्तमच लागली. दुसऱ्या कुणाला विचारावं तर फ्रादिकचं लग्न त्याच वर्षी झालेलं. रखवालदाराची दाढदुखी त्याच वर्षी थांबलेली. कोठारातल्या मांजरीलासुद्धा पिल्लं झाली होती.

"ज्याचं ते वर्ष वाईट गेलं असा माणूस पाहिजे," बाल्तझार म्हणाला.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग फ्रादिकने बाल्तझारच्या त्याच थोरल्या बहिणीला, लिओपोल्दिनाताईला, फोन लावला.

ती बाजाराची पिशवी घेऊनच आली. पिशवीतून कॉड माशाची शेपटी डोकावत होती. चाखायच्या खोलीत मासा आणायचा नसतो, पण हे तिला सांगायची हिंमत कुणाकडे नव्हती.

"त्या वर्षाची?" पेल्याकडे बघत ती म्हणाली. "गास्पर अकॉर्डियनवालीबरोबर पळाला त्या वर्षाची?"

"हो, ताई."

"आपल्याच हौदात द्राक्षं तुडवताना वाजवत होती तीच ना ती?"

"तिच्याच तालावर तुडवलेली आहे ही," बाल्तझार म्हणाला. खोटं बोलायला त्याला वेळ मिळाला नाही. "तूही होतीस की हौदात. सगळ्यात जास्त तूच नाचलीस."

"नाचले. मांड्यांपर्यंत जांभळी होऊन बाहेर आले, तर नवरा नाही आणि वाजवणारीही नाही. आणि आता ही मी प्यायची?"

"तुझ्याशिवाय कुणाचंच वर्ष वाईट गेलं नाही, ताई," फ्रादिक म्हणाला. त्याला वाटलं आपण कौतुक केलं.

ती खुर्चीवर बसली. हुंगली. एक मोठा घोट घेतला आणि गिळून टाकला.

"थुंकायचं असतं," बाल्तझारने पिकदाणी पुढे केली.

"मला थुंकायला कुणी शिकवलं नाही, बाल्तू. शिकवलं असतं तर गास्परवर थुंकले असते."

तिने पेला खाली ठेवला. खाली नदीवर बोटीचा भोंगा वाजला. फ्रादिकच्या पोटातूनही काहीतरी वाजलं.

"टाकाऊ," ती म्हणाली.

"म्हणजे नेमकी कशी?"

"टाकाऊ म्हणजे टाकाऊ. आधी गोड गोड बोलते, मग आतून खरखरते. आता गेली म्हणावं तर जात नाही. अगदी गास्पर."

"पण गास्पर गेला ना?" फ्रादिक म्हणाला.

"गेला कुठे," ती म्हणाली आणि पेला पुढे केला. "ओत अजून. नीट कळली नाही."

बाल्तझारने ओतली. तिने तीही गिळली आणि भिंतीकडे बघत बसली, चेहरा दगडी. फ्रादिकने कागदावर 'टाकाऊ' लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, मग वैतागून पेन्सिल आपटली. ती घरंगळत टेबलाखाली गेली.

उचलायला बाल्तझार वाकला आणि तिथेच राहिला.

टेबलाखाली ताईने बूट काढून ठेवले होते. तिचे पाय चालले होते. डावा, उजवा, डावा. गुडघा उचलून, टाच दाबून, द्राक्षांच्या चिकट लगद्यातून ओढून काढावा तसा प्रत्येक पाय वर येत होता आणि तालात खाली जात होता. टेबलाच्या वर तिचं काहीच हलत नव्हतं.

"दादा," वरून फ्रादिकने विचारलं, "काय सांगू त्यांना? चांगली की वाईट?"

"थांब," टेबलाखालून बाल्तझार म्हणाला. "अजून संपली नाहीये."