चपला बाहेर

मास्तरांनी गाडीची पुढची सीट काढून अंगणात ठेवली आणि खालचं कार्पेट धरून ओढलं. चिखलात रुतलेला पाय सुटावा तसा आवाज झाला. पंचवीस वर्षांत त्या कार्पेटने पहिल्यांदाच ऊन बघितलं. त्याच्याखाली चार बटणं, एक खडू, वितळून पुन्हा घट्ट झालेली गोळी आणि मुलाचा दुधाचा दात निघाला. दात बायकोने रुमालात बांधून ठेवला. बाकीचं केरात गेलं.

मास्तर शिंपी होते. गाडी ते दर आठवड्याला धुवायचे, पण बाहेरून. आत काय आहे हे गेल्या महिन्यात कळलं. मुलाने एक मुलगी पसंत केली होती. तिच्या आईवडिलांना मास्तरांनी हौसेने गाडीतून फिरवलं. मुलीचे वडील उतरले तेव्हा त्यांच्या पांढऱ्या विजारीला खाली काळा पट्टा उमटला होता. ते घड्याळं दुरुस्त करायचे. डोळ्याला भिंग लावून धूळ शोधण्यात त्यांचा जन्म गेला होता. विजारीकडे बघून ते एवढंच बोलले, "ज्यांना साधी गाडी सांभाळता येत नाही, ते आमची मुलगी काय सांभाळणार?"

मुलाचं जेवणावरून मन उडालं. तिकडे मुलीने वडिलांशी अबोला धरला. अबोला तीन आठवडे टिकला तेव्हा घड्याळवाल्यांनी निरोप पाठवला. रविवारी दुपारी एक वाजता सगळ्यांनी हॉटेलात जेवू. आणखी एकदा बघतो. शेवटचं.

म्हणून मास्तर कार्पेटच्या मागे हात धुऊन लागले. आधी काठीने बडवलं. इतकी धूळ उडाली की शेजारीण खिडकी लावून घेत म्हणाली, "मास्तर, गाडी झाडताय की रस्ता?" चिकटलेल्या च्युइंगमवर त्यांनी बर्फ धरला आणि ते कडक झाल्यावर सुरीने टकटक करून उडवलं. मग साबणाचं पाणी आणि ब्रश. पहिलं पाणी शाईसारखं निघालं, सातवं चहासारखं. आठव्याला बायको म्हणाली, "आता पुरे, नाहीतर नुसती जाळी उरेल." दोन दिवस कार्पेट दोरीवर उलटं वाळलं. चपट्या बसलेल्या लोकरी धाग्यांना मास्तरांनी बायकोच्या जुन्या कंगव्याने उभं केलं. विटलेल्या जागी काळा रंग दिला. उसवलेल्या कडांना मशीनवर गोट मारला, आणि मशीन पोचेना तिथे गाडीत पालथं पडून हाताने टाके घातले. शेवटचा टाका रविवारी सकाळी पडला. काळा दोरा ओवलेली सुई त्यांनी सवयीने कॉलरला टोचली आणि उभं राहून फर्मान काढलं.

"यापुढे गाडीत बसायचं तर चपला बाहेर."

"गाडी आहे की दिवाणखाना?" बायको म्हणाली. पण तिने चपला काढल्या.

घड्याळवाल्यांच्या फाटकाशी गाडी थांबली. त्यांनी आत वाकून बघितलं. काळं, मऊ, कडेला बारीक गोट. त्यांच्या भुवया थोड्या वर गेल्या. मास्तरांनी हात जोडून पायातलं काढायची विनंती केली. त्यांच्या बायकोने लगेच काढलं. घड्याळवाले मात्र घुटमळले.

"बूट काढायलाच हवेत का?"

"एवढी कृपा करा, साहेब."

ते गाडीकडे पाठ करून बूट काढून आले, झटकन पुढे बसले आणि सगळा रस्ता डावा पाय उजव्या पायाखाली घालून राहिले. मास्तरांना वाटलं, माणूस अवघडलाय. काही खरं नाही.

एकला पाच मिनिटं कमी असताना गाडी हॉटेलासमोर उभी राहिली. मुलगा आणि मुलगी स्कूटरवरून आधीच पोचले होते. मास्तरांनी दार उघडून पाय खाली टेकवला आणि चटका बसून पुन्हा आत घेतला.

"अगं, माझ्या चपला?"

"तुम्हीच म्हणालात बाहेर काढा. बाहेरच आहेत. आपल्या दारात."

"आणि यांचे बूट?"

"आमच्या फाटकापाशी," घड्याळवाल्यांची बायको मागून म्हणाली. "नीट जोडीने लावून ठेवलेत."

दारात पायातलं काढायचं आणि आत जायचं, ही चौघांची जन्माची सवय. हे दार पुढे चालू लागतं, हे एकालाही सुचलं नव्हतं. हॉटेलचा दारवान जवळ आला, चार जोड्या पाय बघून म्हणाला, "अनवाणी आत सोडत नाही, साहेब." मुलाने कपाळाला हात लावला आणि स्कूटर वळवून चपला आणायला पळाला. मुलगी आधी तोंड दाबून, मग उघड हसायला लागली.

घड्याळवाल्यांनी मनगटाकडे बघितलं. एक वाजला होता. जन्मात पहिल्यांदा त्यांना उशीर झाला होता. "काय हे मास्तर!" म्हणत ते तरातरा खाली उतरले. फरशी तापली होती. ते एका पायावर नाचले, आणि वर उचललेल्या डाव्या मोज्यातून त्यांचा अंगठा पुरताच्या पुरता बाहेर आला.

दारवानाने मान वळवली. मास्तरांनी आकाशाकडे बघितलं. घड्याळवाल्यांची बायको मात्र बोललीच.

"ज्यांना साधा मोजा सांभाळता येत नाही, त्यांनी लोकांच्या गाड्या बघायच्या!"

घड्याळवाले निमूट गाडीत येऊन बसले. कान लाल झाले होते. मास्तर शेजारीच बसून होते. आपण इतक्या मेहनतीने मुलाचं लग्न मोडलं, एवढंच त्यांच्या मनात फिरत होतं. काय करावं ते सुचेना, तेव्हा हात आपोआप कॉलरकडे गेला. सुईत काळा दोरा अजून होता.

"साहेब, पाय द्या इकडे."

घड्याळवाल्यांनी आधी काच वर केली. मग त्यांनी पाय हळूच मास्तरांच्या मांडीवर ठेवला.

"टाके जरा बारीक घाला, व्याही."