चिकूची फळी

फैजपूरच्या घरामागच्या अंगणात कुंदनने केळीच्या दोन क्रेटवर एक लांब फळी टाकली होती. त्याचा छोटा पॉमेरियन, चिकू, फार भित्रा होता. मोबाइलवर व्हिडिओ बघून कुंदन त्याला त्या फळीवरून चालायला शिकवत होता. चिकू रोज अर्ध्यावर थांबायचा आणि थरथरायला लागायचा. मग कुंदन गुडघ्यांवर बसून बिस्किट पुढे करायचा आणि हळूच म्हणायचा, "घाई नाही रे राजा. मी आहे ना!"

लग्न झाल्यापासून मयुरीने नवऱ्याचा असा आवाज कधी ऐकला नव्हता.

आज फळीच्या त्या टोकाला ती भांडी घासत होती. तिच्या हातून परात निसटली आणि चिकू दचकून फळीवरच बसला.

"अक्कल गहाण टाकली का तू?" कुंदन खेकसला.

"अहो, हात ओला होता, म्हणून..."

"तोंड बंद ठेव!" तो बेंबीच्या देठापासून ओरडला. "घाबरलेल्या जिवासमोर मोठा आवाज करायचा नसतो, एवढंही कळत नाही तुला?"

 

चिकू उठला आणि उरलेली फळी एका दमात पार करून मयुरीच्या मागे जाऊन लपला.