वाऱ्यामुळे बोट बंद

आर्गिरोकाकू बेटाच्या धक्क्यावरून तरातरा थेट बोटीच्या कचेरीत आल्या. "स्तामातिया, आग लागो तुझ्या त्या वेबसाइटला! पान उघडलं की आपोआप पुढ्यात सूचना, ‘वाऱ्यामुळे बोट बंद’. माझ्या पोरानं, लेफ्तेरिसनं, आज सकाळी ती वाचली आणि अथेन्सलाच राहिला. बोट तर आली की! अन् मी इथे सणाचं कोकरू भट्टीत घालून बसलेय."

स्तामातियानं संगणकावर पान उघडलं. कुठलीच सूचना आली नाही, सरळ वेळापत्रक दिसलं. वारा पडल्यावर परवाच तिनं स्वतःच्या हातानं ती काढून टाकली होती.

काकूंना अजून धाप लागलेली होती. स्तामातियानं संगणकाचा पडदा हळूच आपल्याकडे वळवून घेतला.

"चुकलंच माझं, काकू. काढायची राहून गेली."