भाऊजींचं कुलूप

खालून भिरकावलेला पाना कपाळावर बसला तेव्हा मेव्हणा लिफ्टच्या खड्ड्याच्या काठावर टॉर्च धरून उभा होता.

"खटक्याकडे का बघितलंस?" भाऊजी खालून ओरडले. "मी खाली, आणि तुझी नजर खटक्यावर?"

मेव्हण्याने बाहीला रक्त पुसलं. "माशी होती, भाऊजी."

"मला शिकवतोस?"

खड्ड्यात उतरायचं तर आधी विजेचा मुख्य खटका पाडायचा, त्याला आपलं कुलूप घालायचं आणि किल्ली आपल्याच खिशात ठेवायची. म्हणजे डोक्यावरची केबिन कोणी चुकूनही खाली आणणार नाही. लिफ्टवाले सगळे एक कुलूप घालतात. भाऊजी दोन घालायचे.

त्यांना सगळ्यांचाच संशय. दूधवाल्याचा, शेजाऱ्याचा, बायको होती तोवर बायकोचा. ती गच्चीत कपडे वाळत घाले, तर कोणाला खुणा करते म्हणून मारायचे. एका दुपारी ती जिन्यावरून पडली आणि गेली. त्यानंतर तिचा भाऊ भाऊजींकडेच राहायला आला.

पान्याने मेव्हण्याच्या कपाळाला सात टाके पडले. दुसऱ्या दिवशी त्याने भाऊजींना डॉक्टरांकडे नेलं.

"संशयी स्वभाव असतो एकेकाचा," डॉक्टर म्हणाले. "पुरावा दिला की तो माणूस गप्प बसतो. यांना पुरावा दिला तर पुराव्याचाच संशय येईल. हा आजार आहे. वेळ लागेल."

"लागू दे," मेव्हणा म्हणाला.

भाऊजी गोळीत विष शोधायचे. मग मेव्हणा रोज सकाळी त्यांच्यासमोर आधी स्वतः एक गोळी गिळायचा आणि दिवसभर पेंगायचा. एकदा त्यांनी त्याचा गळा धरला, एकदा दारात बोट चेमटवलं. तो हलला नाही.

"सख्खा भाऊ करणार नाही एवढं करतोस रे," शेजारीण म्हणायची.

दोन वर्षांनी भाऊजी दूधवाल्याशी हसून बोलू लागले. कुलूप एकावर आलं.

आज तर त्यांनी किल्लीच त्याच्या हातावर ठेवली. "ठेव तुझ्याकडे. खिशात टोचते," म्हणाले आणि खड्ड्यात उतरले.

थोड्या वेळाने खालून आवाज आला. "ऐक रे. तुझी बहीण पडली नव्हती. मी ढकललं तिला. आता डोकं ठिकाणावर आलंय, तर झोप लागत नाही."

"ठाऊक आहे, भाऊजी. पहिल्या दिवसापासून."

"मग एवढं का केलंस माझं?"

"तुमचा माझ्यावर विश्वास बसायला हवा होता ना," मेव्हणा म्हणाला आणि त्याने कुलूप काढून खटका वर केला.