एकेबोचा मालक हजर

“पाठ खाजवू नका,” इंगेबोर नवऱ्याच्या कानाशी पुटपुटली. “सरदार माणसं खाजवत नाहीत.”

“त्यांना खाज सुटत नाही?”

“सुटते. दुसऱ्याकडून खाजवून घेतात. सरळ बसा.”

हॉकनने मखमली अंगरखा पोटावर ओढून घेतला. अंगरखा एकेबोच्या दिवंगत धन्याचा होता. हॉकन त्या घराचा कारभारी. पण आज त्याला धन्याचे चिरंजीव, तूरेसाहेब, व्हायचे होते. ते तीस वर्षांपूर्वी पोलंडच्या लढाईवर गेले, ते परतलेच नाहीत. त्यांना पाहिलेले एकही माणूस आता एकेबोत उरले नव्हते.

एकेबो म्हणजे चार खोल्यांचे लाकडी घर आणि आवारातली तीन कुळे. पण घर सरदारी, म्हणून त्याला कर माफ होता. आणि आवारातल्या तरुणांना सैन्यभरतीही माफ होती. अट एकच : खानदानी मालकाने स्वतः तिथे राहिले पाहिजे. तूरेसाहेबांच्या आई, मार्गारेता बाईसाहेब, होत्या तोवर ती अट त्यांनी एकटीने पाळली. चार वर्षांपूर्वी त्या गेल्या, तेव्हा ‘चिरंजीव परत आले आहेत’ असे हॉकनने दरबारी कळवून टाकले. इंगेबोरचे दोन्ही मुलगे, निल्स आणि पेर, त्या एका वाक्याच्या आडोशाने अजून घरी होते. आता राजाने माफीच्या सगळ्या घरांची पाहणी काढली होती.

पहाटेपासून तिचा पाय एका जागी ठरला नव्हता. तिने पितळी दिवे घासले, चुली पेटत्या ठेवल्या, जेवणाच्या टेबलाचा सुऱ्या ठेवायचा अडेल खणसुद्धा पुसला. तो उघडायला बाईसाहेबांनी तिला शेवटच्या आजारात शिकवले होते. हॉकनने त्याच्याशी अठरा वर्षे झटून हात टेकले होते.

पाहणीचा लेखनिक दुपारी आला. दाढी पांढरी, एक कान कधीतरी थंडीने झडलेला. पायरीवर जोडे आपटून त्याने बर्फ झाडले आणि आत येऊन टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाला दौत मांडली.

“मी शपथेवर लिहितो, सरदारसाहेब. डोळ्यांनी पाहिलं नाही ते लिहीत नाही. घर कोणी बांधलं?”

“आजोबांनी. जर्मनीतल्या युद्धात पाय दिला, त्याचं हे बक्षीस.”

“कोणता पाय?”

“डावा.”

“आणि वडिलांनी काय केलं घराचं?”

“चिलीम ओढता ओढता झोपले, अन् पूर्वेची बाजू जाळली. म्हणून पाचाच्या चार खोल्या.”

लेखनिकाच्या घशातून आवाज निघाला. हसू की खोकला, ते इंगेबोरला कळेना.

“पोलंडात फौज मोडली, तेव्हा पुष्कळ जण पळाले,” तो वहीत पाहतच म्हणाला. “पळालेल्याची जहागीर जप्त होते, सापडला तर मानही जाते. तुमचं काय झालं?”

“मला रीतसर रजा मिळाली.”

“नशीबवान आहात.”

इंगेबोर धूर दिलेले मांस आणायला स्वयंपाकघरात पळाली. पाव टेबलावर न कापताच राहिला आणि सुरीही बाहेरच्या खोलीत, हे तिला तिथे आठवले. घाईघाईने ताट उचलून ती परतली. टेबलावर राईच्या पावाच्या चकत्या नीट कापून ठेवल्या होत्या, शेजारी सुरी पडली होती. तिने ताट ठेवले आणि ती भिंतीला टेकून उभी राहिली.

“आईसाहेब शेवटी काही बोलल्या?” लेखनिक विचारत होता.

हॉकनचा चेहरा मऊ झाला. त्याने स्वतःच्या हातांनी बाईसाहेबांना पाणी पाजले होते.

“म्हणाल्या, पलंगावरची चादर काढू नका. दर शनिवारी बदला. तो येईल.”

‘तो.’

ते शब्द ज्याने उशाशी बसून ऐकले तो तूरे असूच शकत नव्हता, हे इंगेबोरने ताडले. हॉकनलाही आपली चूक कळली. लेखणी थांबली होती. टोकावरून शाईचा थेंब कागदावर पडला, पसरला, तरी लेखनिकाने तो टिपला नाही.

“बदलता?” त्याने अखेर विचारले.

“दर शनिवारी,” इंगेबोरच बोलून गेली. आता लपवण्यासारखे काय उरले होते?

लेखनिक खाली मान घालून चार ओळी लिहीत राहिला, मग मोहोर उठवून त्याने एक प्रत हॉकनपुढे सरकवली. मांसाला त्याने हातही लावला नाही. पावाची एक चकती तेवढी खिशात घातली आणि निघाला. दारात क्षणभर त्याचा तळहात चौकटीवर टेकला होता.

घोडा दिसेनासा झाल्यावर हॉकनने अडखळत वाचले : “‘एकेबोचा मालक तूरे आज या घरात हजर होता, हे मी शपथेवर लिहितो. माफी कायम.’ अगं, सुटलो! पोरं सुटली! आंधळा होता की काय मेला?”

“आंधळे तुम्ही. ‘तो येईल’ म्हणे! माझा जीव जायचा राहिला. नशीब, पाव तरी सरदारासारखा पातळ कापलात.”

“मी? मी कुठं कापला? सुरी तूच काढून ठेवली होतीस ना?”

इंगेबोर टेबलाच्या खिडकीकडच्या टोकाशी गेली. खण अर्धा उघडा होता. गुडघ्याने फळी वर उचलायची, डावीकडे ढकलायची, मग ओढायचे, बाईसाहेबांनी तिचा हात धरून शिकवले होते आणि उशीवर डोके टेकत म्हटले होते, “आता हे दोघांनाच ठाऊक. तुला, आणि माझ्या तूरेला.”