दुधातली वाफ

कॉफीघरातल्या लोकगीतांच्या मैफिलींचा हंगाम आज संपणार होता. बाबा गायचे, लेक मागच्या ओट्यावर कॉफी करायची. शंभर गाणी तोंडपाठ असल्याची बाबांची ख्याती होती. हल्ली मात्र कडवी निसटत. ते अडखळले, की लेक यंत्रातून दुधात वाफ सोडायची. त्या फुसफुसाटाने श्रोते चिडून मागे वळायचे, तेवढ्यात बाबा खिशातली चिठ्ठी वाचून घ्यायचे. शेवटी श्रोत्यांनीच वर्गणी काढून आज आवाज न करणारे यंत्र आणले. “आता काका निवांत गातील,” श्रोत्यांमधला एक शिंपी म्हणाला. तिसऱ्या कडव्याला बाबा थबकले आणि लेकीकडे बघू लागले. तिने वाफ सोडली. कुणी मानही वळवली नाही. मग तिने तडा गेलेल्या बशा निवडून ट्रेमध्ये रचल्या आणि ट्रे हातातून सोडला. बाबांनी कडवे बरोबर उचलले. “यंत्र बदललं,” शिंपी पुटपुटला, “आता हिला कसं बदलायचं?”